कावळे हाकलणाऱ्या वन्संना

वन्सं, दहाव्याला मी घाटावर भांडून आले. बाकीच्यांनी तुमच्या कानावर घालायच्या आत मीच सांगते, कारण त्यांच्या तोंडून ऐकलंत तर तुम्हाला वाटेल रंजनाने आपली क्रिया नासवली. नासवली असेल तर नासवली. तुमच्या नावाने माझ्या पोरीचं आयुष्य मागत होते, आणि ते मी दिलं नाही. एवढंच झालं.

आता नीट सांगते.

आमच्याकडे दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत. पिंडाचा भात करून द्यायचा आणि पुरुषमाणसं परत येईपर्यंत घरात बसायचं. मी भात केला आणि डबा हातात घेऊन सरळ रिक्षात जाऊन बसले. हे म्हणाले, "तू कुठं?" म्हटलं, "बहीण तुमची असली तरी जेवायला रोज मीच वाढलंय. आज शेवटचं वाढायचं तर ते दुसऱ्याच्या हातात देऊ होय?" तुमचे धाकटे भाऊ, तुम्हाला माहीतच आहे, बोलायची वेळ आली की चप्पल शोधायला लागतात.

महाडला सावित्रीच्या काठावर भावकी जमली होती. उमरठच्या वरच्या वाडीतून तुमचे काका जीपने आले होते. मुंबईचे चुलतभाऊ सकाळच्या गाडीने वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आले होते. पलीकडच्या खडकावर मगर ऊन खात पडली होती, तर त्यातला एक मोबाइल काढून तिचा व्हिडिओ करत बसला. दुसरा म्हणाला, "बाप रे, डेंजर आहे यार, हिला पकडून नेत का नाहीत?" तुम्ही असतात तर क्रिया बाजूला ठेवून त्याचा तास घेतला असतात, की बाबा, ही मगर मेलेलं, सडलेलं, रोगट सगळं खाते म्हणून ह्या नदीत अजून मासा टिकून आहे. मला ते सगळं पाठ आहे. पण मी गप्प बसले. तोवर मी गप्पच होते.

पिंड मांडले. ह्यांनी पाणी सोडलं. सगळे मागे सरकले, आणि कावळे खाली येईनात. समोर उंबरावर चांगले पाच-पंचवीस बसले होते. एखादा खालच्या फांदीवर यायचा, मान वाकडी करून भाताकडे बघायचा आणि परत वर जायचा. ऊन चढायला लागलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला जेवता येत नाही. मी खाणावळवाली आहे, माणसाला भूक लागली की त्याची अक्कल कशी पातळ होत जाते ते मी रोज बघते. मग सुरू झालं.

"जीव आडकलाय बायचा," काका म्हणाले. "काय ऱ्हायलंय तिचं, बघा जरा."

काय राहिलंय. मला त्या शब्दाचाच राग आला, वन्सं.

तुमचं काय राहिलं होतं? तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत. महाडची अर्धी पोरं तुमच्या हाताखालून गेली, त्यातले किती तरी आता बिरवाडीला कंपनीत आहेत आणि माझ्याकडे जेवतात. तुम्ही शाळेतून येऊन त्यांच्याच बाकावर बसून जेवायचात. आणि जेवताना गप्प बसणं तुम्हाला कधी जमलं नाही. एकदा मी बांगड्याचं कालवण वाढत होते आणि तुम्ही सगळ्यांना विचारलंत, "हा बांगडा तुमच्या ताटात कुणामुळे आला?" पोरं म्हणाली, वहिनींमुळे. तुम्ही म्हणालात, "कासवामुळे." सगळे हसले. मग तुम्ही बोट चाटून समजावलंत की समुद्रात कासव जेलीफिश खातं. कासव कमी झालं की जेलीफिश खाणारं एक तोंड कमी झालं. जेलीफिश माजला की तो माशांची अंडी आणि पिल्लं गिळतो, आणि कोळी जाळं ओढतो तेव्हा वर नुसता चिकट लगदा येतो. मी म्हटलं, "वन्सं, लोक जेवतायत, लगदा म्हणू नका." तर तुम्ही समुद्रसापावर आलात. शेपूट वल्ह्यासारखी चपटी, खडकाच्या फटीत डोकं घालून वाम मासा धरतो, कोळ्याच्या जाळ्यात आला तर त्याला मारू नये, नुसतं लांबून सोडावं. त्या दिवशी निम्म्या लोकांनी कालवण बाजूला सारलं आणि डाळ मागितली. मला सगळ्यांसाठी परत डाळ फोडणीला टाकावी लागली.

आपलं ते पिशव्यांचं भांडण तर मिटलंच नाही. खोलीवर पार्सल नेणाऱ्यांना मी आमटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यायचे. तुम्ही दारात उभ्या राहून ती पिशवी बघायचात, जशी काय मी त्यात विष बांधलंय. मी म्हणायचे, "आमटी काय रुमालात बांधू? आणि तुमचं कासव काय बिरवाडीला चालत येणारंय?" तुम्ही म्हणायचात, "कासव येत नाही गं, तुझी पिशवी जाते." काळ नदीतून सावित्रीत, सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत, खाडीतून समुद्रात. पाण्यात तरंगली की हुबेहूब जेलीफिश दिसते. कासव ते गिळतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि उपाशी मरतं. उपाशी हा शब्द तुम्ही मुद्दाम वापरायचात. खाणावळवालीला कुठे मारायचं ते तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. बहुतेकांना मी डबे आणायला लावले. पण रात्रपाळीवाले अजून विसरतात, आणि विसरले तर मी त्यांना उपाशी पाठवू का? ह्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. न देताच गेलात. हे बरं नाही केलंत.

आणि हो, ती पाटी. सगळीकडे नवऱ्याच्या नाहीतर देवाच्या नावाच्या खाणावळी. तुम्ही पेंटरला बोलावून आणलंत आणि मला न विचारता 'रंजना खाणावळ' असं लिहून घेतलंत. मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते, लाजेने. मग कंपनीतल्या लोकांनी मला रंजनाताई म्हणायला सुरुवात केली आणि मला ते आवडलं. ह्या घरात तुमच्याखेरीज मला कुणी नावाने हाक मारलेली ती पहिली वेळ. तुम्हाला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धत नाही. पण आता म्हणते.

तर घाटावर सगळे तुमचं काय राहिलं ते शोधायला लागले. कुणी म्हणालं, पेन्शनीआधीच गेली, ते राहिलं. कुणी म्हणालं, वाडीतल्या देवीला ओटी राहिली असेल. ह्यांनी प्रत्येकाचं ऐकून हात जोडून सांगितलं, ओटी भरू, ताई, भरू. कावळा हलला नाही. मग काका पुढे आले. त्यांच्या मनात जे होतं ते पहिल्यापासूनच होतं, नुसती वेळ बघत होते.

"लगीन नाय, प्वार नाय," काका म्हणाले. "जल्मभर शनवार-रयवार दर्याव. काय तर कासवांची आंडी राखाला. आन आता भाचीलाबी त्याच वाटंला लावलान. शेवटी तिचं तिलाच लागलं आसंल मनाला. तू सांग तिला बाबू, साक्षीचं लगीन ह्या वर्साला उरकतो. दर्याव पाठवणार नाय. सांग, म्हंजे जीव सुटंल तिचा."

वन्सं, पिंडापुढे दिलेला शब्द म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. तो मागे घेता येत नाही. माझी साक्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्याबरोबर जाऊन जाऊन तिने ठरवून ठेवलंय की पुढे समुद्रातल्या जीवांचंच शिकणार. हे त्या सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही जिवंत असेपर्यंत कुणाची बोलायची छाती नव्हती. आता तुम्ही बोलू शकत नाही, तर तुमच्याच तोंडी शब्द घालून तिला बांधायला निघाले.

मुंबईवाला म्हणाला, "दादा, बोलून टाक ना. फॉर्मॅलिटी तर आहे. सगळ्यांना भूक लागलीय."

आणि ह्यांनी हात जोडले. मी बघितलं, वन्सं. हात जोडले आणि पिंडाकडे तोंड केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं बिचाऱ्यांच्या. तुमचा जीव अडकलाय म्हटल्यावर त्यांनी काहीही देऊन टाकलं असतं. त्यांच्यावर माझा राग नाही. आईविना वाढलेला माणूस, तुम्हीच त्याला वाढवलंत.

मी पुढे गेले आणि म्हटलं, "कावळा येणारच नाही. त्याला ताई माहीत आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका म्हणाले, "सूनबाय, तू गप ऱ्हा गो."

म्हटलं, "काका, तुम्हाला कासवांची अंडी माहीत आहेत, कावळे माहीत नाहीत. घरट्यातून पिल्लं निघाली की पहाटे पहिला तिथे हजर असतो तो कावळा. आणि त्याच्या आधी हजर असायच्या ताई. हातात वाजवायला पत्र्याचा डबा आणि काठी. जन्मभर त्यांनी कावळे हाकलले. आणि कावळा माणसाचं तोंड विसरत नाही, हे त्यांनीच मला सांगितलंय. तो ताईंच्या भाताला शिवेल कशाला?"

"ते तिकडचे कावळे," काका म्हणाले. "हे हिकडचे."

"भावकी असेल त्यांची पण," मी म्हटलं.

मागे कुणीतरी फसकन हसलं. भटजींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. काकांचा चेहरा तांबडा झाला.

तुम्हाला आठवतं ना, ह्या कावळ्यांवरूनही आपली जुंपली होती. मी म्हटलं होतं, "हजारात एखादं पिल्लू मोठं होतं म्हणता, बाकीची कुणाच्या तरी पोटात जातात म्हणता, वाया काही जात नाही म्हणता, मग कावळ्याने नेलं तर तुमच्या पोटात का दुखतं?" तुम्ही वही तपासत होतात, चष्मा काढलात. म्हणालात, खेकड्याने नेलं, घारीने नेलं, माशाने गिळलं, तर तो त्यांचा वाटा. जी अंडी फुटतच नाहीत त्यांचंही खत होतं आणि किनाऱ्यावरची वेल त्यावर वाढते, ती वेल वाळू धरून ठेवते. समुद्राकडून जमिनीला आलेलं ते जेवण आहे. पण किनाऱ्यावर कावळे आणि कुत्री इतकी का वाढली? आपण उकिरडे केले म्हणून. "आपण बोलावलेले पाहुणे आहेत, रंजना. आपणच हाकलायचे." मी म्हटलं, कावळ्यालाही पोट आहे. तुम्ही म्हणालात, "मग तुझ्याकडे मेंबर करून घे त्याला." आणि परत वही तपासायला लागलात. मला नंतर बरीच उत्तरं सुचली होती. ती आता कुणाला देऊ?

दुसरंही एक भांडण होतं. साक्षीने एकदा घरी सांगितलं की कासवी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते, वरून थापते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. मला ते ऐकून कसंतरी झालं. मी म्हटलं, कसली आई ही. तुम्ही ताटावरून उठता उठता म्हणालात, "अगं, ती लांबून पोहत येते, जड अंग ओढत वर येते, जागा नीट बघते. तिचं काम ती पुरं करते आणि पाण्यात तिचं दुसरं काम असतं तिकडे जाते. सगळ्यांनी दारात बसून राखण करायलाच पाहिजे असं कुठे आहे?" तेव्हा मला वाटलं तुम्ही मला टोमणा मारलात. खूप नंतर कळलं की तुम्ही माझ्याबद्दल बोलतच नव्हतात. तुमच्याबद्दल बोलत होतात. लग्नाचं कुणी काढलं की तुम्ही कधी चिडला नाहीत, रडला नाहीत, नुसतं म्हणायचात, "माझं बरं चाललंय." आणि कुणालाही ते खरं वाटायचं नाही. मला वाटायचं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. ज्या घरात मी नवी नवरी म्हणून भेदरून आले, त्या घरात एक बाई स्वतःचं बरं चाललंय म्हणत होती आणि तिचं खरंच बरं चाललं होतं, ह्याचा मला किती धीर होता ते मी कधी बोलले नाही.

ते सगळं माझ्या डोक्यात होतं म्हणून घाटावर मी जरा जास्त बोलले. काकांना म्हटलं, "ताईंचं काही राहिलेलं नाय. आणि राहिलं असंल तर ते मला माहीत नाय, तुम्हाला तर त्याहून नाय. पण हे नव्हतं. त्या जित्या होत्या तेव्हा तुम्ही कधी विचारलंत काय त्यांना, तुझी काय इच्छा हाय म्हणून? आता मेल्यावर त्यांच्या तोंडून बोलता? जन्मभर ज्या पोरीला त्यांनी हाताला धरून नेलं, तिचं वाटोळं करूनच त्यांचा जीव सुटणार असंल, तर नको सुटायला. ऱ्हाऊ द्या अडकलेला. आमच्या घरात अडकू दे. आम्हाला चालंल."

बोलून गेले. मेलेल्या माणसाचा जीव अडकू दे असं पिंडापुढे कुणी म्हणतं का? पण मी म्हटलं, आणि खरं सांगू, आत्ताही म्हणेन. तुम्ही घरात अडकून राहिलात तर मला बरंच आहे. मला तुमची फार आठवण येते, वन्सं. संध्याकाळी बाकावर तुमच्या जागी कुणी बसलं की मी त्याला उगाच दुसरीकडे बसवते.

काका ह्यांना म्हणाले, "बायको बोलते आन तू ऐकतंस? सांग बाबू. शबूद दे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पिंडाकडे बघितलं. चप्पल शोधायची सोय नव्हती, अनवाणी होते. मला वाटलं, आता देणार शब्द. मग त्यांनी जोडलेले हात सोडले, धोतराला पुसले आणि भटजींना म्हणाले, "दर्भाचा करा."

एवढंच. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि क्रिया पुरी झाली. शास्त्रात ती सोय आहे, भटजींनी मोठ्याने सांगितलंसुद्धा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. भला माणूस. उंबरावरचे कावळे वरून बघत राहिले.

काका जेवायला थांबले नाहीत. जीपमध्ये बसताना म्हणाले की वाडीत हे सगळ्यांना सांगेन, आणि तेराव्याला कोण येतं ते बघू. सांगू देत. कुणी आलं नाही तर स्वयंपाक कंपनीतल्या लोकांना वाढीन, ती पोटभर जेवतील आणि तुमचं नाव घेतील. घरी येताना रिक्षा बिरवाडीच्या फाट्यावर आली तेव्हा हे म्हणाले, "ताईने मला पोहायला शिकवलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे."

काल साक्षीला किनाऱ्यावरून फोन आला. तुम्ही शेवटच्या खेपेला ज्या घरट्यावर टोपली ठेवून आलात, त्यावरची वाळू खचली आहे. म्हणजे पिल्लं आतून वर यायला लागली. साक्षी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेरावं व्हायचंय, घरातून बाहेर पडू नये, हे तिलाही माहीत. तेवढ्यात वाडीतून काकांचा ह्यांना फोन आला, पोरगी घरातच हाय ना, म्हणून. खबर कशी लागते कुणास ठाऊक. हे फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "काका, ती निघाली. मीच सोडायला चाललेय."

महाडच्या स्टँडवर श्रीवर्धनची गाडी लागली होती. साक्षी खिडकीजवळ बसली, मांडीवर तुमचा तो पत्र्याचा डबा आणि तुमचीच काठी. रडत होती. मी खाली उभी राहून भाकरी-चटणीचं गाठोडं वर दिलं. ती म्हणाली, "आई, पण आत्याला कावळा शिवला नाही. आणि मी तिथे जाऊन परत कावळेच हाकलायचे? त्यातला एखादा आत्या असली तर?"

कंडक्टरने बेल दिली होती. मी गाडीबरोबर चार पावलं चालले आणि तिला सांगितलं, "असली तरी हाकल. पिल्लांवर झडप घालणारा कावळा तू सोडलास, तर आत्याच तुला आधी ओरडेल."